सोलापूरच्या मागावर सेन्सर विणता येईल का?

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरी-टॉवेलचा लहान कारखाना आहे. वडिलांच्या काळातले धोट्याचे माग अजून चालतात (आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा), त्यातल्या काहींवर नक्षी विणणारं जॅकार्ड आणि धोटे बदलायची पेटी, म्हणजे ड्रॉप बॉक्स आहे. मी शिकलो इलेक्ट्रॉनिक्स, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता घरच्या धंद्यात उतरलो आहे.

विषय असा की कापडातच सेन्सर विणायचे किंवा कापडावर छापायचे, हे काम जगात बरंच पुढे गेलं आहे. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये सुंदरेसन जयरामन यांच्या चमूने १९९६ साली अमेरिकी नौदलासाठी असा शर्ट विणायला घेतला, ज्यातल्या तंतूंवरून सैनिकाला गोळी कुठे लागली आणि त्याचे ठोके कसे आहेत हे कळावं. गूगलने २०१५ साली 'प्रोजेक्ट जॅकार्ड' जाहीर केला, २०१७ला लिव्हाईजबरोबर जाकीट बाजारात आणलं. त्याच्या डाव्या मनगटाजवळ वीजवाहक सूत विणलेलं होतं, तिथे बोट फिरवलं की फोनवरचं गाणं बदलायचं. २०२३मध्ये त्याचं अ‍ॅप बंद झालं.

हे सगळं वाचताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ताणा उभा, बाणा आडवा. दोन्हीकडे ठरावीक अंतरावर वीजवाहक सूत टाकलं की आपोआप जाळी तयार होते. १६ उभ्या आणि १६ आडव्या पट्ट्या घेतल्या तर ३२ जोडण्यांत २५६ ठिकाणं मोजता येतात. ज्या गावाच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, जिथे घरटी कुणी ना कुणी मागावर काम केलेलं आहे, तिथे हे व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सुरुवात कशाने करावी? ठोके मोजणारा शर्ट, दाब मोजणारी गादी, की आणखी काही? मागावरच्या लोकांनी आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी, दोघांनीही सांगावं.

रोधमापक

शर्टापासून सुरुवात करू नका, ही पहिली विनंती. कारण सांगतो.

हृदयाचा विद्युत संकेत त्वचेवर येईपर्यंत साधारण १ मिलिव्होल्ट उरतो. दवाखान्यात जेल लावलेले सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे चिकट इलेक्ट्रोड वापरतात, कारण जेलमुळे त्वचेशी संपर्क पक्का राहतो. कापडाचा इलेक्ट्रोड कोरडा असतो. माणूस हलला की कापड घसरतं आणि त्या घसरण्याने उठणारा गोंधळ मूळ संकेताहून मोठा होतो. घाम आल्यावर संपर्क सुधारतो, पण पहिली काही मिनिटं वाया जातात. ॲनालॉग डिव्हायसेसची एडी८२३२ चिप लावलेलं छोटं बोर्ड सहज मिळतं, त्याने टेबलावर बसून ठोके दिसतील. चालताना दिसण्यासाठी मात्र शर्ट अंगाला घट्ट बसावा लागतो आणि त्यासाठी मागावरचं नव्हे, होजिअरीचं, ताणलं जाणारं कापड लागतं. ताण मोजणारे, म्हणजे श्वासाबरोबर छाती फुगली की रोध (विजेला होणारा अडथळा) बदलणारे सेन्सरही होजिअरीतच चांगले होतात. ते तमिळनाडूतल्या तिरुपूरचं बळ आहे. आपलं बळ धोट्याच्या मागात आहे, तेव्हा जिथे कापड ताणायची गरजच नाही तिथून सुरुवात करावी.

सुताचे मुख्यतः दोन पर्याय. एक, चांदीचा मुलामा दिलेलं नायलॉन. रोध कमी, हाताला मऊ, शिवायला सोपं. दुसरं, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तंतूंचं सूत, बहुतेक ३१६एल जातीच्या स्टीलचं. ते जरा टोचरं आणि जड, पण धुण्याला टिकतं. चांदीला क्लोरीन आणि गंधक दोन्ही सोसत नाहीत. ती काळी पडते, मुलामा झिजतो आणि एक दिवस रोध एवढा वाढतो की सेन्सर मुका होतो.

आणखी एक. या क्षेत्रात सेन्सर बनवणं त्यामानाने सोपं असतं. अडतं ते मऊ सूत कडक सर्किटला जोडताना. जिथे मऊ आणि कडक भेटतात तिथेच घडी पडते आणि तिथेच तार तुटते. तुमच्या वेळेतला मोठा हिस्सा त्या जोडाला द्या.

जॉबर_काका

मालक, स्टीलचं सूत ताण्यात घालू नका ओ. मी चाळीसेक वर्षं माग जोडतोय. ताण्यातलं सूत दर फेऱ्याला फणीत घासतं, वहीत, म्हणजे ताण्याचे धागे उचलणाऱ्या चौकटीत, वरखाली होतं. चांदीचा मुलामा तिथंच निघून फणीला लागणार. स्टीलचे तंतू तुटून उडायला लागले तर मोटारीच्या पेटीत आणि स्टार्टरमध्ये जाऊन बसतील, मग शॉर्ट. आणि कापसाचं सूत जेवढं लांबतं तेवढं स्टील लांबत नाही, म्हणजे ताण्याच्या एकाच रुळावर, बीमवर, दोन्ही गुंडाळलं तर एक ढिलं, एक ताठ. त्याला मागे वेगळ्या बॉबिनवरून, वेगळ्या वजनाने सोडावं लागेल. होतंय, पण रोज त्यामागं माणूस लागतो.

बाण्यात टाका. ड्रॉप बॉक्सचा माग असेल तर एक धोटा जादा, त्यात तुमच्या त्या सुताची कांडी. रंग बदलतो तसं बदलायचं. सुताला लावायच्या खळीचा, पेजेचा पण त्रास नाही, बाण्याला खळ कुठं लागते?

रोधमापक

काका, हे फार मोलाचं आहे. ताण्यातलं सूत तुटल्यावर माग थांबवणारी काही यंत्रणा पिन खाली पडून विजेचा जोड लागण्यावर चालते. ताण्यातच वीज वाहणारं सूत असेल तर तीही फसू शकते. बाण्यात तो प्रश्नच नाही.

छपाई_साखरपेठ

मी टी-शर्ट आणि युनिफॉर्मवर स्क्रीन प्रिंटिंग करतो. सगळे विणण्याचंच बोलताय, छपाईचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

छापलेला सेन्सर ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. घरोघरी साखर तपासायची जी पट्टी असते, तिच्यावरचे कार्बनचे इलेक्ट्रोड बहुतेक वेळा स्क्रीन प्रिंटिंगनेच छापलेले असतात, वर एन्झाइमचा थर. छापील सेन्सरमध्ये इतका घराघरांत पोचलेला दुसरा नसेल. म्हणजे आमची जाळी आणि स्क्विजी या कामाला नवी नाही.

पण कापडावर थेट छापायला गेलं की वेगळंच. चांदीची शाई म्हणजे चांदीचे चपटे कण आणि बाइंडर. कण एकमेकांना टेकलेले असतील तरच वीज वाहते. सुती कापडाला लव असते, शाई आत झिरपते, कण विखुरतात. म्हणून आधी पॉलियुरेथेनचा गुळगुळीत थर छापायचा, त्यावर चांदी, त्यावर पुन्हा झाकण. किंवा टीपीयूच्या, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापून हीट प्रेसने चिकटवायचं, ते जास्त भरवशाचं. भट्टी १२० ते १५० अंश, ती आमच्याकडे आहेच, प्लॅस्टिसॉल शाईसाठी त्याहून जास्त तापवतो. टेरीच्या लूपवर मात्र छपाई विसरा.

ताई-दादांनो, माझा अंदाज असा की विणलेलं सूत आणि छापलेली पट्टी यांत भांडण लावू नये. सेन्सर मागावर विणा. पण काठाशी जिथे अनेक तारा एकत्र येऊन डबीत जातात, ती पट्टी छापून चिकटवा. रोधमापक म्हणतात तो जोड तिथे सुटू शकतो.

पैठणी_प्रेमी

एक भाबडा प्रश्न. पैठणीची जर पण धातूचीच ना? मग तीच जर वापरून नाही का चालणार? सोलापुरात सहज मिळते.

रोधमापक

प्रश्न मुळीच भाबडा नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये कापडी सर्किटांचे जे पहिले प्रयोग झाले, त्यांत जरीसारखंच, धातूची पातळ पट्टी गुंडाळलेल्या धाग्याचं रेशमी ऑर्गन्झा वापरलं होतं. त्यावर बोट टेकलं की ओळखणारे कीबोर्ड त्यांनी बनवले.

पण आज बाजारात मिळणारी बरीचशी जर म्हणजे पॉलिएस्टरच्या फिल्मवर धातूची अतिशय पातळ वाफ बसवून वर लाखेसारखा थर दिलेली असते. मल्टिमीटर लावलात तर काहीच दाखवणार नाही. तांब्याच्या तारेची जर वीज वाहते, मात्र घाम आणि खारट ओलाव्याने तांबं हिरवं पडतं. शिकण्यासाठी, शाळेतल्या प्रयोगासाठी उत्तम. रुग्णाच्या अंगाखाली नको.

वॉर्ड_सिस्टर

मी इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. धागा वाचून राहवलं नाही.

दाब मोजणारी गादी ऐकायला छान वाटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलायची असते, नाही तर माकडहाडाजवळ, टाचांना, खुब्याला जखमा होतात. पण दाबाचा रंगीत नकाशा बघायला रात्रपाळीत कुणाला वेळ आहे? आम्हाला तर आधी हे कळलं पाहिजे की चादर ओली झाली. ओल्या चादरीवर पेशंट तासभर पडून राहिला की कातडी पांढरी, मऊ पडते आणि मग थोड्या घासण्यानेही सोलवटते. बोलता न येणारे पेशंट सांगत नाहीत, आणि ज्यांना बोलता येतं त्यांना लाज वाटते. घरी सांभाळणाऱ्या सुनांचे, लेकींचे हाल तर याहून जास्त. रात्रीत किती वेळा उठून हात लावून बघायचं?

तुम्ही ओल सांगणारी चादर करा. पूर्ण चादरही नको. आम्ही कमरेखाली आडवी टाकतो ना, तेवढाच तुकडा हवा. ती भिजली की फक्त ती काढायची.

आणि धुण्याचं आधीच सांगते. रुग्णालयातले कपडे गरम पाण्यात धुतात. ७१ अंशांवर किमान २५ मिनिटं ही अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची जुनी शिफारस बऱ्याच ठिकाणी प्रमाण मानतात. वर ब्लीच. तुमचं कापड त्यातून निघालं तरच बोला.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

सिस्टर, तुम्ही प्रश्नच सोडवून टाकलात. मी दाबाच्या गादीमागे होतो. टेरीच्या दोन बाजूंना वीजवाहक थर, मध्ये लूप. दाबलं की अंतर कमी, धारिता (विजेचा भार साठवायची क्षमता) जास्त, असं गणित मांडलं होतं. पण ओल आधी, हे पटलं.

ब्लीच म्हणजे चांदी बाद. स्टीलच घेऊ. आपल्याकडे सूत आधी रंगवून मग विणतात, त्यामुळे विणल्यावर कापड ब्लीचच्या हौदात घालावं लागत नाही, ही आणखी एक सोय.

रोधमापक

दाबाच्या गणितात एक पाचर आहे, ती इथे नोंदवतो, पुढे कुणाला उपयोगी पडेल. मधल्या पदार्थामुळे धारिता किती पट वाढते ते सांगणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक कोरड्या कापसाचा थोडासाच, पाण्याचा ८०च्या आसपास. सुती टेरी जरा दमट झाली तरी धारिता वाढते आणि सर्किटला वाटतं की दाब वाढला. दाबाचा सेन्सर करायचा तर मधला थर पॉलिएस्टरचा हवा. ओलीच्या सेन्सरला मात्र कापसाचा हाच हावरटपणा उपयोगी पडतो.

ओल मोजणं असं. दोन वेगळ्या स्टीलच्या रेघा शेजारी शेजारी, मध्ये साधं सुती कापड. एका रेघेला अ म्हणू, दुसरीला ब. कोरडं असताना दोघींतला रोध मेगाओममध्ये किंवा त्याहून वर. लघवीत क्षार असतात, त्यामुळे भिजल्याबरोबर तो किलोओमपर्यंत घसरतो. हा फरक इतका मोठा आहे की महागडं काहीच लागत नाही. नुसत्या दमट हवेनेही रोध उतरतो, पण एवढा नाही, म्हणून मर्यादा कुठे धरायची ते पावसाळ्यात एकदा आणि मेमध्ये एकदा तपासून ठरवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात कापड इतकं कोरडं असतं की तेव्हाचं मोजमाप धरलंत तर जुलैत खोटे इशारे येतील.

दुसरी महत्त्वाची गोष्ट. सतत एकाच दिशेने वीज सोडू नका. ओल्या, खारट कापडात एका तारेवर विद्युतअपघटन होतं आणि स्टीलही हळूहळू झिजतं. काही सेकंदांनी एकदा, क्षणभरच मोजायचं आणि दर वेळी दिशा उलटायची. नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल भरपूर झाला. घरच्या विजेला, चार्जरला ही चादर कधीही जोडायची नाही, यात तडजोड नको.

जॉबर_काका

थांबा, एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली नाही. ड्रॉप बॉक्स एका बाजूलाच असतो. म्हणजे धोटा जाऊन परत आल्याशिवाय बदलता येत नाही. अ चे दोन पिक, म्हणजे दोन आडवे धागे, मग साधं, मग ब चे दोन पिक, मग साधं. दोन्ही धोटे पेटीच्याच बाजूला परत येणार. मग अ चं सूत काठावरून पुढच्या अ कडे जातंय आणि ब चं पण त्याच काठावरून. दोघं तिथंच एकमेकाला लागणार. कोरड्या चादरीवरच तुमचा भोंगा वाजायला लागंल.

रोधमापक

काका, अगदी बरोबर, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. रॅपिअरवर, म्हणजे बिनधोट्याच्या मागावर विणलं तर?

जॉबर_काका

रॅपिअरवर प्रत्येक पिक कापला जातोय. मग सगळी टोकं सुटी, एकेक हाताने जोडत बसा. धोट्याच्या मागाचा फायदाच हा की सूत अखंड राहतं, एक अ दुसऱ्या अ ला काठावर आपोआप जोडलेला मिळतो. ते घालवू नका.

असं करा. पेटीच्या बाजूला अ ची काठावरची उडी तशीच ठेवायची. तिथं ब चं सूत सुईने उसवून दोन इंच आत घ्यायचं आणि कापायचं. म्हणजे त्या काठावर फक्त अ. पलीकडच्या काठाला उलटं, तिथं अ दोन इंच आत घेऊन कापायचा, ब ची वळणं राहू द्यायची. तिथं ब ची जोडणी आपोआप होत नाही, म्हणून त्या वळणांवरून तेच स्टीलचं सूत मशीनने शिवून घ्यायचं. झालं. एका काठाला अ, दुसऱ्या काठाला ब. घरी बसून काम करणाऱ्या बाया हे पटापट करतील, टॉवेलच्या गोंड्याचं काम करतातच की.

रोधमापक

कागदावर काढून बघितलं. दोन कंगवे एकमेकांत दात घालून ठेवावेत तशी रचना होते, आणि ओलीच्या सेन्सरला पुस्तकात दिलेली रचना नेमकी हीच आहे.

छपाई_साखरपेठ

मग माझी छापील पट्टी नको की! दोनच तारा बाहेर येणार. दोन टिचबटणं लावा, डबी बटणाने बसवा, धुताना काढून ठेवा. बटण मारताना स्टीलचं सूत आठ-दहा वेळा वळवून त्याच्याखाली दाबलं जाईल असं बघा आणि मागून कापडाची चकती द्या. एका टाक्यावर बटण लटकलं तर दुसऱ्या धुण्यात सुटेल. छपाईची गरज पुढे दाब किंवा तापमान जोडाल तेव्हा पडेल, मी आहेच.

निर्यात_सोलापूर

धंद्याच्या बाजूने दोन शब्द. केंद्राच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्रोद्योग अभियानाला २०२०मध्ये १,४८० कोटींची मंजुरी मिळाली, वैद्यकीय कापड त्यात येतं. पण आधी हे पाहा की तुम्ही पाकिटावर काय लिहिणार. 'जखमा टाळते', 'आजार ओळखते' असा दावा केलात की वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात, १ एप्रिल २०२०पासून व्याख्या फार रुंद झाली आहे. परवाना, तपासण्या, कागदपत्रं सगळं आलं. नमुना तयार झाला की या नियमांची माहिती असलेल्या माणसाकडून कोणत्या वर्गात बसतं ते आधीच विचारून घ्या. धुण्याची चाचणी करताना आयएसओ ६३३० ही घरगुती धुलाईची पद्धत धरा, खरेदीदार तेच विचारतो. अंगावरच्या इलेक्ट्रॉनिक कापडासाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ६३२०३ ही मालिकाही आहे. 'टिकाऊ आहे' असं नुसतं म्हणून परदेशात कुणी ऐकत नाही, किती धुण्यांनंतर रोध किती, याचा तक्ता मागतात.

पैठणी_प्रेमी

आमच्या आजी अंथरुणावर आहेत. नमुना झाला की आम्हाला सांगाल का? घरी वापरून मोकळेपणाने कळवू.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

ताई, नक्की. पण रोधमापक सरांनी सर्किट तपासल्याशिवाय आजींच्या अंगाखाली काही जाणार नाही.

आता ठरलं ते असं. सुती आडवी चादर, धोट्याच्या मागावर, तीन धोटे. काकांच्या पद्धतीने दोन्ही काठ. स्टीलचं सूत फक्त मधल्या भागात, दोन्ही टोकं साधीच. आधी सेन्सरशिवाय नुसतं कापड ब्लीच आणि गरम पाण्यातून काढून दर धुण्यानंतर रोध लिहून ठेवणार, तक्ता याच धाग्यावर टाकीन. सर्किट त्यानंतर. काका, पहिला नमुना लावताना तुम्ही कारखान्यात यालच ना? गाडी पाठवतो.

सिस्टर, मापं सांगा. आणि बटणं कुठे हवीत?

जॉबर_काका

गाडी कशाला, अशोक चौकातून रिक्षा मिळते. सोमवारी माग बंद ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी लावू.

वॉर्ड_सिस्टर

रुंदी पेशंटच्या पाठीच्या मध्यापासून मांड्यांच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण एक मीटर. लांबी मात्र भरपूर ठेवा, दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचता आली पाहिजे, नाही तर पेशंट सरकला की गोळा होते आणि त्या चुण्याच टोचतात.

स्टीलच्या रेघा हाताला लागल्या तर चालणार नाहीत. माकडहाडाजवळची कातडी फार नाजूक असते. विणून झाल्यावर डोळे मिटून, हाताच्या पालथ्या बाजूने फिरवून बघा. जरा जरी खरखर जाणवली तरी वरून पातळ सुती थर द्या, ओल त्यातून झिरपेलच.

बटणं अंगाखाली मुळीच नकोत. बटणाएवढ्या कडक गोष्टीवर रात्रभर वजन पडलं तर सकाळपर्यंत तिथेच जखम सुरू होते. ती गादीच्या कडेवरून खाली लोंबणाऱ्या भागावर घ्या, आम्ही उभ्या राहतो त्या बाजूला. डबीचा आवाजही मोठा नको, वॉर्डात बाकीचे झोपलेले असतात. लहान दिवा चालेल, पण तो पेशंटच्या डोळ्यांसमोर येऊ देऊ नका.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

लिहून घेतलं. दोन्ही बटणं एकाच बाजूला, लोंबत्या टोकावर घेतो. ब ची शिवण पलीकडच्या काठाने त्याच टोकापर्यंत आणावी लागेल आणि तिथून पदराच्या दुमडीतून अ च्या शेजारी. ती वाट साध्या कापडावरूनच जाते, अ ला कुठे लागत नाही. काका, बघा बरं, यात काही अडचण दिसते का?

जॉबर_काका

दुमडीत घालण्याआधी त्या शिवणीवर फीत मारून घ्या. चादर भिजली की पदर पण भिजतो, अ आणि ब तिथं जवळ आले तर पदराचीच ओल मोजत बसाल.